आजी म्हणाली, टाक!

शिरीषचं एक ठाम मत होतं: नंबर कधी खोटं बोलत नाही! माणूस बोलतो, बायको बोलते, सासू तर बोलतच राहते, पण नंबर नाही. सोव्हिएत सैन्याच्या पदकांचा नाद लागल्यापासून हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी ऐकवायचा. ऑफिसातल्या तानाका-सानना ते मराठीतच पाठ झालं होतं म्हणतात!

जपानात हिगाशी-कसाईला राहणारी बाकीची मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी क्रिकेट खेळतात, फार तर डोसा खायला जातात. आमचा हा गडी जुन्या बाजारात जाऊन लाल ताऱ्याचं पदक घेऊन आला. चांदीचं, वर लाल मिना, आणि पाठीवर कोरलेला नंबर. त्या नंबरावरून पदक कोणत्या सैनिकाला मिळालं ते शोधता येतं. शिरीषने शोधलं! दोन वर्षं रशियातल्या दफ्तरांना मेल पाठवून पाठवून भंडावलं, आणि शेवटी नाव मिळालं. सार्जंट येगोर लुकिन, तोफखाना. एवढ्यावर थांबेल तो शिरीष कसला! त्याने लुकिनची नात गलीना चक्क योकोहामात पियानो शिकवते, हेही हुडकून काढलं.

"तुमच्या आजोबांचं पदक माझ्याकडे आहे!" त्याने फोनवर जाहीर केलं.

पलीकडून ती काहीतरी सांगू पाहत होती. "हो, पण एक मिनिट, आमच्याकडे..."

"भेटल्यावर बोलू! शनिवारी सकाळी या! मी तुमच्या आजोबांची सगळी हकीकत सांगतो!" आणि फोन ठेवलासुद्धा. त्याला रडूच येत होतं, खरं सांगायचं तर. ज्या माणसाला कधी पाहिलं नाही, त्याची वस्तू त्याच्या घरच्यांच्या हातात द्यायची, एवढ्या एका गोष्टीसाठी तो दोन वर्षं अर्धवट झोपला होता.

त्या आठवड्यात त्याच्या पायाला भिंगरीच लागली. उठायचा, डबी उघडायचा, पदक बघायचा, डबी मिटायचा, पुन्हा उठायचा. तोयोसुला ऑफिसला निघताना दोनदा परत आला. घरात त्याचा एकच हुकूम होता, पदकाला कुणी हात लावायचा नाही, पुसायचं तर मुळीच नाही.

"अरे, किती काळं पडलंय ते," बायको, नंदिनी, म्हणाली. "केवढा मळ!"

"मळ नाही, इतिहास आहे तो!"

"मग बाथरूममध्ये पण इतिहास साचलाय. तो कधी काढतोस?"

नंदिनीची आई, जयमालाबाई, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून डबीत डोकावलं. "कसलं हो हे, शिरीषराव?"

"चांदीचं आहे, आई. एका वीराचं. रणगाड्यासमोर उभा राहिलेला माणूस! अगदी जपून ठेवायचंय."

"वीराचं? चांदीचं?" बाईंनी मान डोलावली. "बरं, बरं. समजलं मला."

इथेच शिरीषने सावध व्हायला हवं होतं. सासूबाई 'समजलं मला' म्हणाल्या की काय समजलं ते विचारून घ्यावं, हा साधा नियम आहे!

शनिवार उजाडला. गलीना दहाला येणार. शिरीष सकाळीच कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानात केक आणायला गेला. एक केक बरा दिसेना म्हणून तीन घेतले. परत येऊन सवयीने डबी उघडली, तर डबी रिकामी!

घरात फक्त आठ वर्षांची ईश्वरी, कार्टून बघत बसलेली.

"ईश्वरी! बाबाचं पदक कुठंय?"

"आजी म्हणाली, टाक."

"काय?"

"टाक." मान वर न करता. "आजी ममाला म्हणाली, टाक. ममा ओके म्हणाली."

शिरीषच्या हातातून केक गळाले. "आणि ममा कुठंय?"

"गोमी घेऊन खाली गेली. मग भाजी आणायला."

"कुठली गोमी?"

"मोएनाई."

न जळणारा कचरा! महिन्यातून दोनदाच उचलतात, आणि त्यात जातं काय? धातू! नंदिनीला फोन लावला, तर तो ओट्यावरच वाजला. सासूबाई बागेत फुलं आणायला गेलेल्या, त्यांना फोन नावाच्या वस्तूचा मुळातच राग. शिरीष जिने उतरला म्हणण्यापेक्षा घरंगळला.

खाली कचऱ्याच्या जागी हिरव्या जाळीखाली पिशव्या नीट रचलेल्या होत्या. त्याने जाळी उचलली आणि पहिली पिशवी फोडली. जपानात दुसऱ्याचा कचरा उघडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पुण्यात भर दुपारी कुणाची बेल वाजवण्याइतकाच गुन्हा! तवा, छत्रीच्या काड्या, कुणाचा तरी फुटका कप. दुसरी पिशवी. तिसरी.

"शिरीष-सान?"

मागे इमारतीचे राखणदार ओनिशी-सान उभे. पांढरे हातमोजे, हातात झाडू, चेहऱ्यावर भूकंप.

शिरीषला घाईत जपानी शब्द आठवेनात. 'हरवलं' आठवेना, 'चुकून' आठवेना. आठवला तो एकच, पदकाचा. "कुनशो!" तो ओरडला. "माझं कुनशो!"

ओनिशी-सानांचा चेहरा एकदम उजळला. झाडू भिंतीला टेकवून ते कमरेत वाकले. "कुनशो मिळालं? ओमेदेतो गोझाइमास!"

"नाही, नाही! मिळालं नाही!"

"मिळेल! मिळेल!" पुन्हा वाकले. सायकलवरून चाललेल्या दोन आजीबाई थांबल्या. ओनिशी-सानांनी त्यांना बातमी दिली, त्याही वाकल्या. शिरीष गुडघाभर कचऱ्यात, एका हातात तुटका इस्त्रीचा प्लग, आणि भोवती अभिनंदन! तेवढ्यात कोपऱ्यावरून गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली.

"थांबा!" शिरीष पिशव्यांवर आडवाच पडला.

"एक्स्क्यूज मी," मागून बाईचा आवाज. "मिस्टर शिरीष इथेच राहतात का?"

शिरीषने आडव्यानेच मान वळवली. निळा कोट, पांढरे केस, हातात फुलं. गलीना! अर्धा तास आधी!

आणि तिच्या मागे, पिशवीत शेवंती घेऊन, जयमालाबाई. "अगं बाई! शिरीषराव, काय हे? पाहुण्यांसमोर?"

"आई! तुम्ही पदक टाकायला सांगितलंत!"

"मी?"

"ईश्वरी म्हणाली! आजी म्हणाली, टाक!"

जयमालाबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, टाक म्हणाले, टाक! देवातला टाक! चांदीचा म्हणालात, वीराचा म्हणालात, मग वीराचा टाकच की तो! तुमच्या देवात खंडोबा आहे, भवानी आहे, वीराचाच नव्हता. नंदिनीला विचारलं, हा टाक देवात ठेवू का, तर ती कुकर लावता लावता हो म्हणाली. चला वर!"

वर कपाटातला देव्हारा उघडला. खंडोबा आणि भवानीच्या टाकांच्या मधोमध, हळदकुंकू लावून, लाल तारा लखलखत होता.

"रांगोळीने घासलाय," बाई अभिमानाने म्हणाल्या. "चांदी रांगोळीनेच निघते."

इतिहास गेला होता! सगळा! शिरीषने पदक उचललं, उलटं केलं. नंबर आता आरशासारखा स्वच्छ. त्याने वाचला. पुन्हा वाचला. मधला आकडा तीन होता. दोन वर्षं तीन होता! मळ निघाला तसा त्या तिनाचं डावं अंग उघडं पडलं होतं, आणि तो होता आठ.

नंबर खोटं बोलला नव्हता. शिरीषनेच चुकीचा वाचला होता. हे पदक लुकिनचं नव्हेच!

गलीना शेजारीच उभी होती. आता हिला सांगायचं काय? त्याने दोन्ही हातांनी पदक तिच्यापुढे धरलं आणि जपानीत, मान खाली घालून, सगळं सांगून टाकलं. मळ, आकडा, चूक. "माफ करा. तुमच्या आजोबांचं नाहीये हे."

"माहीत आहे मला," गलीना म्हणाली.

"काय?"

"फोनवर तेच सांगत होते. तुम्ही बोलूच दिलं नाही." तिने पर्स उघडली, रुमालाची घडी सोडली. आत तसाच तारा, काळाठिक्कर. "आजोबांचं आमच्याच घरी आहे. म्हटलं, आजोबांसाठी दोन वर्षं झटणारा हा माणूस कोण, बघून तरी यावं. आजी होती तोवर दर मे महिन्यात दंतमंजनाने घासायची. ती गेल्यावर कुणी हात लावला नाही."

"काय म्हणतेय ती?" जयमालाबाईंनी विचारलं. शिरीषने जड जिभेने सांगितलं.

"अगं माझे बाई!" बाईंनी हात पुढे केला. "दे इकडे!"

"आई, नको! तो मळ नाही, तो..." शिरीष बोलला, पण तोवर गलीनाने आजोबा सासूबाईंच्या तळहातावर ठेवलेसुद्धा होते, आणि डोळे पुसत त्यांच्या मागोमाग ओट्याकडे निघाली होती.

शिरीष आठ नंबरवाल्याला हातात घेऊन तिथेच उभा राहिला. आता हा कोण? पुन्हा दोन वर्षं? पायाला लगेच मुंग्या यायला लागल्या. एका मेलला सुरुवात करावी म्हणून तो लॅपटॉपकडे वळला.

"शिरीषराव!" ओट्यावरून हाक आली. "शोधा त्या दुसऱ्या वीराला, अवश्य शोधा. पण आधी हात धुवा! कचऱ्यात होतात!"