एकवीस खिडक्यांचे गुंडूअण्णा

गुंडूअण्णा हुद्दारांना कुठलीही वस्तू दिसली की त्यांचा उजवा पंजा आपोआप पसरायचा आणि ते ती वितीनं मोजायचे. टेबल, दार, साहेबांची नवी खुर्ची. माझ्या लग्नात तर "सव्वादोन वीत" म्हणत रुखवताचं ताट मोजलं आणि मग आहेर हातात ठेवला! आमच्या हुबळीच्या कचेरीत ते देखभालीचे कारकून. नळ गळो, कौल फुटो, निरोप अण्णांनाच.

कचेरी म्हणजे लॅमिंग्टन रोडवरची कापूस कंपनीची जुनी दगडी इमारत. कमानीच्या एकवीस खिडक्या, सागवानी चौकटी, आत लाल गुळगुळीत जमीन. देखणी होती हो, नाही कोण म्हणतंय? पण उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात ओल, आणि दारं अशी फुगायची की साहेबांना खांदा लावून स्वतःच्याच केबिनमध्ये शिरावं लागे.

"अण्णा, पाडून टाका की एकदा," मी म्हणायची.

"घाई कशाला, सुलभाक्का? दगड कुठं पळून चाललाय?"

पगारवाढीबद्दल विचारलं तरी हेच उत्तर.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला कॉम्प्युटर आले आणि बेंगळूरच्या मुख्य कचेरीनं इमारत नवी करायचं ठरवलं. एक तरुण इंजिनिअर आला. बाहेरच्या दगडी भिंतींवर चकचकीत फरशी, सगळ्या खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियम, आत एसी. एसी म्हटल्यावर मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. अण्णांनी मात्र त्या दिवशी डबा उघडला नाही. त्यांच्या निवृत्तीला जेमतेम सहा महिने उरले होते.

"जाता जाता हिचं तोंड झाकलेलं बघायचं होय?" ते मला म्हणाले. "धोतर जुनं झालं तर धोतर बदला की. कातडी कशाला सोलायलेत?"

इंजिनिअरनं दाराजवळची एक खिडकी टेपनं मोजली आणि आकडा लिहून घेतला. अण्णा मागं उभेच.

"सगळ्या मोजा, साहेब."

"एल्ला ओंदे, अण्णा!" सगळ्या सारख्याच, म्हणत तो जीपमध्ये बसलासुद्धा.

महिन्याभरानं एकवीस चौकटी घेऊन ट्रक आला. पहिली चौकट बरोब्बर बसली. दुसरी अडकली. तिसरीच्या कडेनं मांजर आत येईल एवढी फट. चौथी कमान एका अंगाला कललेली निघाली. जुन्या गवंड्यांनी प्रत्येक कमान आपापल्या हातानं नि नजरेनं रचलेली, त्यांना कुठला आलाय टेप! सगळी कचेरी काम टाकून रस्त्यावर उभी. इंजिनिअरला घाम फुटला.

"या खिडक्याच चुकीच्या आहेत!" तो ओरडला.

"साठ वर्षं बरोबर होत्या," अण्णा म्हणाले. "चुकीचं ते आत्ता ट्रकातून उतरलंय."

साहेबांनासुद्धा हसू आवरेना. पण अण्णा हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक वही आणली. पानापानावर एकेक खिडकी, वीत आणि बोटांच्या मापात. कुठली बिजागरी करकरते, कुठलं लाकूड कुजलंय, सगळं लिहिलेलं.

"कलघटगीचा एक सुतार आहे. मला एक खिडकी करून दाखवू द्या," ते साहेबांना म्हणाले. "नाही आवडली तर मी तोंड उघडणार नाही."

सुतारानं कुजलं तेवढंच लाकूड बदललं, तेल पाजलं, नवी काच बसवली. साहेबांनी एका बोटानं ढकललं, खिडकी उघडली. ते लगेच फोनकडे गेले आणि बेंगळूरशी तासभर हुज्जत घालून आले. फरशी रद्द झाली. दगड धुतले, वायरी लाकडी पट्ट्यांमागं गेल्या, एसीची यंत्रं मागच्या अंगणात बसली. शेवटी शेवटी इंजिनिअर स्वतःच वीत पसरून चौकटी मोजायला लागला. "एष्टु?" अण्णा मिश्किलपणे विचारायचे. किती भरली? आणि खरं सांगते, एसीत बसून त्या कमानींकडे बघताना मला माझीच लाज वाटली.

निरोप समारंभात साहेब म्हणाले, "अण्णा, काय हवं मागा." अण्णांनी मागितली कचेरीची किल्ली. रविवारी येऊन खिडक्या उघडीन म्हणाले. नियमात बसेना. "हौदरी," खरं आहे, म्हणून ते खाली बसले.

जिन्यात मी त्यांना झापलंच. "अहो, आता तरी रविवारी घरी बसा की!"

ते कठड्याला धरून थांबले. "बायको जाऊन नऊ वर्षं झाली, अक्का. मुलगी पुण्याला. विद्यानगरच्या घरात मला कुणी हाक मारत नाही. इथं निदान चौकीदार तरी अण्णा म्हणतो."

पंधरा वर्षं या माणसाची चेष्टा केली आणि एकदाही त्याच्या घरी गेले नव्हते!

रविवारी सकाळी पत्ता विचारत विद्यानगरला गेले. फाटकाला बेल होती. ती न वाजवता, शेजारीपाजारी बघतील तर बघोत, मी मोठ्यानं हाक मारली, "अण्णाऽऽ!"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. "आलो, आलो!" करत गुंडूअण्णा अनवाणीच धावत बाहेर आले.