मूत्र हा शब्द वगळून

बारा वर्षं शिकून मुलगा मूत्ररोगतज्ज्ञ झाला, तेव्हा घरात दुखवट्याला शोभेल अशी शांतता पसरली.

"हृदयाच्या जागा भरल्या होत्या का?" वडिलांनी विचारलं.

"नाही."

"मेंदूच्या?"

"बाबा, मला हेच काम आवडतं."

वडील निवृत्त मुख्याध्यापक. "काय ते स्पष्ट बोला" असं पोरांना बजावण्यात त्यांची हयात गेली होती. आता मात्र कोणी विचारलं, की "मोठा सर्जन आहे" एवढं सांगून ते विषय हवापाण्याकडे वळवत. आई "तो खालच्या मजल्यावर बसतो" म्हणे. ते खरंही होतं.

मुलाच्या रुग्णालयालाही लाज होतीच. सहा बैठकांनंतर शिष्टाचार समितीने ठरवलं, की दारावरच्या शब्दामुळे बाकावर बसणाऱ्यांच्या प्रतिष्ठेस बाध येतो. सबब फलक बदलण्यात यावा. नवा फलक लागला : 'विशेष सेवा कक्ष'.

"पण लोकांना कळणार कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ज्याला नड असते, त्याला बरोबर कळतं," अध्यक्ष म्हणाले.

मग विशेष सेवा हवी असलेले लोक येऊ लागले. कोणाला रांगेशिवाय एक्स-रे हवा होता, कोणाला ओळखीने दाखला. खरे रुग्ण इमारतभर भटकत राहिले.

एका सकाळी वडिलांची लघवी अडली. मुलाला फोन करायचा, तर तोंडाने तो शब्द उच्चारणं आलं. "जरा फिरून येतो" असं बायकोला सांगून ते रिक्षाने रुग्णालयात पोचले.

"काय त्रास?" चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"वैयक्तिक."

अर्जात वैयक्तिक असा रकाना नव्हता. त्यातल्या त्यात जवळचा 'मानसिक' होता. त्यांना समुपदेशकाकडे पाठवण्यात आलं.

"काका, किती दिवस साठवून ठेवलंय?" समुपदेशक मायेने म्हणाले. "मोकळे व्हा."

"त्यासाठीच आलोय हो," वडील घाम पुसत म्हणाले.

'रुग्ण उत्तम प्रतिसाद देत आहे,' अशी नोंद होऊन त्यांना पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली.

वडील भिंतीला धरून बाहेर आले. मंगळवारपर्यंत काही ते टिकणार नव्हते. अखेर त्यांनी भर व्हरांड्यात, आठशे पोरांना गप्प करणाऱ्या जुन्या आवाजात सांगितलं, "मला पहाटेपासून लघवी झालेली नाही."

सगळे पुरुष आपापले बूट न्याहाळू लागले. आवाज ओळखून मुलगा धावत आला, बापाला धरून आत घेऊन गेला आणि त्याने नळी घातली. पिशवी भरत गेली, तशी वडिलांची मूठ सैल झाली आणि डोळे भरून आले.

"यासाठी बारा वर्षं शिकलास?"

"हो, बाबा."

"वसूल झाली रे."

तेव्हापासून वडील सकाळच्या फिरण्यात भेटेल त्याला मुलाचं काम खणखणीत आवाजात सांगतात. कक्षात गर्दी असते. गंमत एवढीच, की आलेल्यांपैकी आजारी कोणीच नसतं, प्रत्येकाचा कोणी मित्र आजारी असतो. समितीचे अध्यक्षसुद्धा परवा एका मित्रासाठी विचारायला एकटेच आले होते. डॉक्टरांनी मित्राला तपासायच्या टेबलावर झोपायला सांगितलं.

आपण ही गोष्ट केवळ करमणूक म्हणून वाचलीत, हे उघडच आहे. तरी आपल्या त्या मित्राला कळवा : कक्ष सकाळी नऊला उघडतो.