कोनाले सांगू नको

आमच्या शेजारच्या गुलाबराव काकाजींना कुणी विचारलं, "काकाजी, कुठं जाऊन राह्यले?" तर ते म्हणतात, "इकडंच." खांद्याला पिशवी असो, हातात एसटीचं तिकीट असो, उत्तर तेच. काय जेवले म्हटलं तर "जेवन." वावरात काय पेरलं म्हटलं तर "बी." एकदा ताप भरला म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काय होतंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तुमी पाहा ना."

काकाजी फौजेत होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणतं. त्यांनी कधी चूक दुरुस्त केली नाही. दुरुस्त करायची म्हणजे खरं काय ते सांगावं लागलं असतं.

वावरात ते रोज वेगळ्या वाटेनं जातात. कधी नाल्याकडून, कधी मसणवटीकडून, कधी लोकांच्या तुरीतून. काकू भाकरी घेऊन एका वाटेनं जायच्या आणि हे दुसऱ्या वाटेनं घरी यायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "काकाजी, वाट काहून बदलता?"

"एका वाटेनं गेलं की मानूस सापडते."

"कोनाले सापडते?"

"सापडते," ते म्हणाले. "कोनाले सांगू नको."

काकू कमलाबाई अगदी उलट. त्यांच्या तोंडाला खंड नाही. त्या सांगतात, "लगनात नाव घ्याले लावलं. मी घेतलं. या मानसाची बारी आली तं म्हने, तुमाले मालूमच हाये." लग्नानंतर काकाजी नोकरीवर गेले. कार्ड यायचं: मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल राहा. त्यात गाव नाही, डोंगर नाही, ऊन-थंडी नाही. शेजारणी विचारायच्या, नवरा कुठं असते व तुहा? काकू म्हणायच्या, नोकरीवर. दुसरं काही त्यांना माहीतच नव्हतं. "थो बर्फात होता का वाळूत होता, मले आजपर्यंत पत्ता नाई. पेन्शनीत आला तवा आला म्हनून समजलं."

त्यांचा मुलगा संतोष हाही फौजेत गेला. पण तो आईवर गेला होता. तो मोबाईलवर लिहायचा. कुणालाही वाचता येईल असं एक पान त्यानं उघडलं होतं. त्याला ब्लॉग म्हणतात, हे मला माझ्या मुलीनं सांगितलं. तिच्याच मोबाईलवर मी ते वाचायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे अक्षरावर बोट ठेवून, हळूहळू. काकूंना तेवढंही येत नाही. म्हणून दुपारी भांडी आवरली की त्या आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "काय म्हंते व माहा पोट्टा?"

संतोष बंदुकीचं काही लिहायचा नाही. तो लिहायचा, इथं कांदा गोठून दगड होतो, तो हातोडीनं फोडावा लागतो. थंडीनं पाय फुगतात, ओले मोजे वाळत नाहीत, ते रात्री पोटावर ठेवून झोपावं लागतं. एक कुत्रं आहे, ते अर्ध्या रोटीवर रात्रभर पहारा देतं आणि सकाळी उरलेली अर्धी मागायला येतं. आईच्या हातचा ठेचा आठवला की तोंडाला पाणी सुटतं आणि ते पाणीही गार लागतं. काकू हसायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या.

मग त्या घरी जाऊन काकाजींना विचारायच्या, "यहो, तुमी बी मोजे पोटावर ठेवत होते का?"

"ताट वाढ."

"तुमचे बी पाय फुगत होते का?"

"ताट वाढ म्हटलं ना."

मी वाचत असताना काकाजी मधल्या भिंतीच्या पलीकडे, पाठ करून, विळ्याला धार लावत बसायचे. आमचं वाचन रोज चालायचं, त्यामुळे त्यांच्या विळ्यासारखी धार गावात कुणाच्याच विळ्याला नव्हती.

संतोषचा वाढदिवस आला तेव्हा सरपंचाच्या पोरांनी फाट्यावर मोठा फ्लेक्स लावला. संतोषनं लिहिलेल्या पानावरूनच फोटो घेतला होता. फोटोत संतोष बर्फात उभा, आणि मागं त्याच्या चौकीच्या नावाची पाटी. मोबाईलवर ती पाटी नखाएवढी दिसायची. फ्लेक्सवर ती दारावरच्या पाटीएवढी झाली. पोरांना तेवढ्यानं समाधान झालं नाही. संतोषनं एकदा लिहिलं होतं की दिवाळीला सुट्टी मिळेल, या या गाडीनं येईन. तेही त्यांनी खाली लाल अक्षरात छापलं. आमच्या गावचा वाघ, सध्या अमुक ठिकाणी तैनात, अमुक गाडीनं वाशीमला आगमन, स्वागताला सर्वांनी हजर राहावे. त्याखाली गॉगल घातलेल्या शुभेच्छुकांची रांग. संतोषपेक्षा सरपंचाचं तोंड मोठं होतं.

काकाजी भरदुपारी विळा घेऊन फाट्यावर गेले. त्या दिवशी मात्र सरळ वाटेनं गेले. बांबूवर चढून त्यांनी दोऱ्या कापल्या.

सरपंच धावत आला. "काकाजी, काय करून राह्यले हे? तुमच्याच पोराचा सत्कार हाये."

"सत्कार नाई. पत्ता हाये," काकाजी म्हणाले, आणि फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर टाकून घरी आले.

संध्याकाळी त्यांनी संतोषला फोन लावला. काकूंना ऐकायचं होतं म्हणून आवाज मोठा ठेवला होता. त्यामुळे भिंतीअलीकडे आम्हालाही ऐकू आलं.

"लिवनं बंद कर."

"बाबा, मी जागा लिवत नाई. साहेबायले इचारून लिवतो."

"फोटूत पाटी हाये."

"ते चुकून राह्यलं. काढून टाकतो."

"गोळी बी चुकूनच लागते," काकाजी म्हणाले. "आमच्यात एक जन होता. बोलका."

"मंग?"

"मंग काय? बोलका होता."

मग संतोष म्हणाला, "तुमी जलमभर आईले काई सांगतलं नाई. ते मी सांगून राह्यलो. त्याचाच राग येते तुमाले."

काकाजींनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीची पँट घालून निघाले. मी अंगणात होते. कुठं चालले हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि उत्तर मला पाठ होतं.

ते त्यांच्या जुन्या साहेबांकडे गेले होते. त्या साहेबांनी संतोषच्या साहेबांना कळवलं. संतोषचं पान बंद झालं, मोबाईल जमा झाला आणि दिवाळीची सुट्टी गेली. बापानंच तक्रार केली हे त्याला महिन्याभरानं समजलं.

गिरणीवर दळण होईपर्यंत बायका याच गोष्टीवर बोलायच्या. कुणी म्हणायचं, पोट्ट्यानं काय वाईट लिहिलं, कांदाच लिहिला ना. कुणी म्हणायचं, फौजेतल्या माणसानं तोंड बंदच ठेवावं, बुढ्यानं बरोबर केलं. मला विचारलं तर मी पिठाचा डबा उचलायचे. मला काकूंचं तोंड दिसायचं, दुपारी येऊन ओट्यावर बसलेलं. वाचायला काही नसायचं. आणि फ्लेक्सवरची ती लाल अक्षरंही दिसायची.

उन्हाळ्यात संतोषला सुट्टी मिळाली. तो घरी आला नाही. बायको रिसोडला माहेरी होती, तिथंच सासुरवाडीत उतरला आणि आईला तिकडे बोलावलं. फक्त आईला. काकू एसटीनं गेल्या, चार दिवस राहून आल्या. काकाजी दारातच उभे होते. त्यांनी पिशवी हातातून घेतली. ती ते कधी घेत नाहीत.

"कसा हाये?" त्यांनी विचारलं.

"हाये," काकू म्हणाल्या.

"काय जेवला?"

"जेवन."

"पाय..." काकाजींनी सुरुवात केली, आणि पिशवी खाली ठेवली. "पाय बरे हाये ना त्याचे?"

काकू आत निघून गेल्या. त्यांनी हे ठरवून केलं होतं की त्यांच्याकडे शब्दच उरले नव्हते, मला माहीत नाही. तेव्हापासून त्या घरात दोन सुभेदार आहेत.

परवा आमची शेळी सुटून त्यांच्या गोठ्यात शिरली. तिला आणायला मी गेले. गोठ्याच्या छपराच्या बांबूंवर पांढरी ताडपत्री घातलेली गावाला दिसते. गळतं म्हणून टाकली असेल असं मला वाटायचं. आत जाऊन वर पाहिलं तर ती ताडपत्री नव्हती. तो फ्लेक्स होता, उलटा टाकलेला. पांढरी बाजू आभाळाकडे, संतोष खाली. शुभेच्छुकांची रांग विळ्यानं कापून काढली होती. सरपंचाचं तोंड कोपऱ्यात गुरांच्या कुटारावर झाकण म्हणून टाकलेलं होतं. लाल अक्षरं गेली होती. पाटीवर डांबर फासलं होतं. त्याच्या बरोबर खाली काकाजींची बाज होती आणि काकाजी बाजेवर पडून वर पाहत होते.

मी शेळीची दोरी धरून मागे सरले.

"थांब व," ते म्हणाले. "ते कांद्याचं होतं ना. कसं होतं ते?"

पान तर बंद झालेलं. पण अक्षर अक्षर लावून वाचलेलं माणूस विसरत नाही. मी सांगितलं. कांदा दगड होतो, हातोडीनं फोडतात. मग मोज्यांचं सांगितलं. मग कुत्र्याचं. काकाजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"कुत्रं आमच्या वक्ताले बी होतं," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. मला राहवलं नाही. "काकाजी, कुठं होते तुमी तवा?"

ते उठून बसले. छप्पर ठेंगणं आहे, हात पोचतो. त्यांनी हात वर केला आणि डांबर फासलेल्या पाटीवर बोट ठेवलं. बराच वेळ तिथंच ठेवलं.

मग म्हणाले, "तिले सांगू नको."

मी शेळी घेऊन बाहेर आले. अंगणात काकू सुपात तूर पाखडत होत्या. आम्ही गोठ्यात बोलत होतो तिथून त्या एका कुडाच्या भिंतीच्या अंतरावर होत्या.

"काय म्हनून राह्यला होता व तो?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काई नाई," मी म्हटलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत उचललं.