जावयाचा काळा चष्मा

"बायकोला माहेराहून आणणं म्हणजे आपल्या हातचा मळ!" वरठीच्या कारखान्यात वीरेंद्रनं छाती ठोकून सांगून टाकलं. टीना भाताच्या रोवणीला मदत करायला माहेरी, नाकाडोंगरीला गेली, त्याला सव्वा महिना झाला होता. सव्वा महिना! घरात बोलायला फक्त पंखा. तिच्या हसण्याची इतकी आठवण यायची, की घास घशाखाली उतरेना.

आणि निघायच्या दिवशीच पठ्ठ्याचे डोळे आले! लालभडक. रजा चारच दिवसांची. सांगावं, तर सासू म्हणणार, "बरे होऊन या, मग न्या." डोळे आलेल्यानं पाहिलं की समोरच्यालाही येतात, हे तर त्याला लहानपणापासून पाठ! मग काय, काळा चष्मा चढवला आणि ठरवलं, टीनाकडे चुकूनही पाहायचं नाही.

सासरी पोचताच टीना नवी साडी नेसून पाणी घेऊन आली. हा आपला छपराकडे पाहत म्हणतो, "ठेव तिथं."

"काहून जी, मी भूत आहो का?"

झालं! टीना जी फुगली, ती त्याच्या कशालाही हात लावेना. इकडे सासरे जागेश्वर खुशीत. "जवाईबापू, चष्मा मस्त आहे! पाहू बरं." वीरेंद्रनं डोळे गच्च मिटून चष्मा दिला. सासऱ्यांनी लावला, साळ्यानं लावला, त्याच्या पोरांनी आरशासमोर लावला. जावयासाठी काढलेल्या नव्या टावेलालाही सगळ्यांनी तोंडं पुसली.

चौथ्या दिवशी वीरेंद्रचे डोळे निवळले, आणि टीना व कोंबड्या सोडून घरातल्या सहाही जणांचे लाल झाले!

गावातल्या आशा कार्यकर्ती बेबीबाई औषध घेऊन आल्या. "पहिले कोणाले आले?"

सहा जणांचे किलकिले डोळे जावयाकडे वळले.

"पण मी कोणाले पाहिलंच नाही!" वीरेंद्र ओरडला. "चष्मा देतानाही डोळे मिटले होते!"

"पाहून नाही होत जी हे!" बेबीबाईंनी कपाळाला हात लावला. "डोळ्याचा हात चष्म्याले, टावेलाले लागते, अन् तिथून दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. टीनानं तुमच्या कशाले हात नाही लावला, म्हणून वाचली."

वीरेंद्र उडालाच. "मंग आजच नेतो तिले!"

"न्या ना," सासू डोळे पुसत म्हणाली. "पण आमच्या डोळ्यात दिवसातून चारदा औषध कोण टाकते? तुमचा चष्मा?"

रजा तर संपलेली! जावयानं एकट्यानंच मोटरसायकल काढली. टीना फाटकापर्यंत आली. त्यानं चष्मा काढला आणि पहिल्यांदा तिच्याकडे डोळे भरून पाहिलं.

"हात धुऊन चार दिवस तुलेच पाहत बसलो असतो, तं काहीच झालं नसतं गं!"

"मंग पाहाचं होतं ना जी! रोज नवी साडी कोणासाठी नेसत होती मी?"

तो काही बोलणार, इतक्यात आतून सासऱ्यांची हाक आली, "टीना, औषध!" आणि ती गेलीसुद्धा.