मेडशीचा हिरवा ठिपका

डबा उघडण्याआधी माणसं हात धुतात. गुलाबराव आधी इंटरनेटची वायर उपटतात. भिंतीतून काढायची, गाठ मारायची, खुंटीला टांगायची आणि मगच भाकरीला हात लावायचा.

"जेवताना ध्यान भाकरीत रायते, साहेब. तेवढ्यात कोणी घुसलं तं? कायले रिक्स घ्या."

शिरपूर जैनला आमच्या शेठचं सोयाबीन-तुरीच्या खरेदीचं केंद्र आहे. तिथं ट्रॅक्टरचं वजन करणाऱ्या काट्यावर गुलाबराव बसतात. मी शेजारच्या खोलीत बसून शेठच्या सगळ्या केंद्रांचे कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणजे बिचारे तेच मला सांभाळून घेतात.

गुलाबरावांना सगळ्याचं भेव. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवलेली. बायकोच्या टिकल्यांची पाकिटंच्या पाकिटं काट्यावर संपतात. बाहेरचं पाणी पीत नाहीत. एसटीत ड्रायव्हरच्या मागेच बसतात, त्याचे डोळे उघडे आहेत का हे आरशात दिसावं म्हणून. मोटारसायकलवर तर जन्मात बसले नव्हते. "दोन चाकं म्हंजे अर्धी गाडी. बाकीची दोन कुठी गेली?"

एवढा भित्रा माणूस रोज सकाळी माझ्या स्क्रीनपुढे मात्र न चुकता यायचा. स्क्रीनवर आमच्या केंद्रांचा नकाशा. कुठलं मशीन सुरू झालं की तिथं हिरवा ठिपका उमटायचा, वायर निघाली की विझायचा. किन्हीराजाचं केंद्र उमटलं तरी गुलाबराव हलत नसत. मेडशी उमटलं की "चाला, लागलं गाव कामाले" म्हणून निघून जात. मला वाटायचं, म्हाताऱ्याला नव्या तंत्राची गोडी लागली. मी त्यांना नेटवर्कवर लांबलचक व्याख्यानंही दिली.

मग शेठचं फर्मान आलं. आमच्याकडे दोन प्रोग्राम होते. एक प्रत्येक मशीनची तब्येत तपासायचा, दुसरा सगळं नेटवर्क हाकायचा. ते एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांना जोडायचं, म्हणजे मशीन आजारी दिसलं की नेटवर्क त्याला आपोआप बाहेर काढणार, लाळ्या-खुरकुताचं जनावर गोठ्यातून काढून लांब बांधतात तसं.

"अन् चुकून चांगलंच ढोर बांधलं तं?" माझ्या मागे उभे राहून गुलाबरावांनी विचारलं.

"मशीन चुकत नाही," मी म्हणालो आणि ऐटीत बटण दाबलं.

मेडशीचा ठिपका विझला.

मी दुरुस्तीला हात घातला, तोच माझ्याच स्क्रीनवर पाटी आली: हे उपकरण असुरक्षित आहे. ताजे अपडेट नसलेलं मशीन आजारी धरायचं, हा नियम मीच घातला होता. आणि माझ्या मशीनचे अपडेट मीच कित्येक दिवस 'नंतर' म्हणून ढकलत आलो होतो. गोठ्याचा मालकच गोठ्याबाहेर बांधला गेला.

"फोन लावा त्याले," गुलाबराव म्हणाले.

"कोणाला?"

"किसन्याले."

किसन हा त्यांचा धाकटा भाऊ. मेडशीच्या काट्यावर तो एकटाच असतो. दोघांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद. कारण विचारलं तर गुलाबराव बांधावरची बाभूळ सांगतात, किसन कुठल्याशा लग्नातला फेटा सांगतो.

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला.

"ठिपका माझ्या नियमामुळंच विझला असेल," मी म्हणालो.

"असंल म्हंजे? पक्कं सांगा."

पक्कं सांगायला चालू स्क्रीन हवा होता.

"त्याले छातीचं हाय," गुलाबराव हळूच म्हणाले. "सकाळची गोळी विसरते थो. गाडी काढा."

"कोणती?"

"तुमची. अर्धी."

मालेगाव मागे पडलं. गुलाबरावांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. त्यांच्या भेवाची मी आजवर टिंगल केली होती. आता मीच हिशेब करत होतो. हा ठिपका मी विझवला होता, की तिकडे खरंच काही विझलं होतं? पुढे समोरून भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली, आमच्या शेजारून मालेगावकडे गेली. खांद्यावरची पकड एकदम सुटली.

"वळवू?" मी विचारलं.

"नोको. आधी काटा पाहू."

मेडशीत काट्याच्या अलीकडे, एसटीच्या निवाऱ्यापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. "तुमी जा. मले नाई पाह्यवत."

तेवढ्यात कुणा ट्रॅक्टरवाल्यावर खेकसणारा किसनचा आवाज काट्यावरून आला, "उतर ना बे खाली. तुह्यासकट वजन करू काय?"

गुलाबराव निवाऱ्याच्या बाकावर बसले. बराच वेळ तिकडे पाहत राहिले. "जाडा झाला," एवढंच म्हणाले.

मी पुढे गेलो. किसनचा फोन आत चार्जिंगला होता.

"नेट कोणं बंद केलं, साहेब?"

"मी."

"मले वाटलंच." मग माझ्या खांद्यावरून निवाऱ्याकडे बघत त्यानं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "त्या माणसाले द्या. उनातून आला. माहं नाव नोका सांगू."

मी सांगितलं नाही. गुलाबरावांनीही पाणी कुठलं ते विचारलं नाही. बाटली रिकामी केली. परत मात्र एसटीनं आले, ड्रायव्हरच्या मागे बसून.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मशीन गोठ्यात परत आली होती. मेडशी हिरवं झालं तरी गुलाबराव हलेनात.

"साहेब, हा नकाशा तिकडं मेडशीले दिसते काय? म्हंजे माहा ठिपका?"

नकाशा फक्त माझ्याकडे दिसतो.

"दिसतो की," मी म्हणालो.

दुपारी मी खिडकीतून डोकावलो. डबा उघडा होता, खुंटी रिकामी होती, वायर भिंतीत होती. गुलाबराव डावा हात वायरीवर ठेवून, नजर तिच्यावरून न हलवता घाईघाईनं भाकरी खात होते. उपटली मात्र नाही.