गटारीला मेड्युसा

"यंदाच्या गटारीला तेजसची जिरवली नाही, तर नावाचा धनाजी नाही!"

अशी आरशासमोर प्रतिज्ञा करून धनाजीने चूळ भरली.

त्याचं असं झालं होतं, मंडळी. गेल्या गटारीला नेरूळच्या त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर शेजारच्या तेजसने 'पोसायडन' नावाचं निळंशार कॉकटेल केलं होतं. ग्रीकांचा समुद्रदेव म्हणे! धनाजीच्या बायकोने, शालनने, त्यातलं बिनदारूचं घोटभर घेतलं आणि वर्षभर एकच पालुपद लावलं. "तेजसभावजींच्या हाताला काय चव आहे हो!" पोह्यांत मीठ कमी पडलं तरी पोसायडन! लग्न झाल्यापासून धनाजीच्या हाताचं असं कौतुक तिने एकदाही केलं नव्हतं. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

म्हणून यंदा त्याने ग्रीकांची मेड्युसा शोधून काढली. डोक्यावर केसांऐवजी साप, आणि जो तिच्याकडे बघेल त्याचा दगड! व्होडका, कैरीचं पन्हं, पुदिना, आणि ग्लासाच्या काठावरून लोंबणारे हिरव्या जेलीचे साप. डोळ्यांना मिरीचे दाणे. आहे की नाही डोकं?

गटारीला गच्चीवर ट्रे आला. खुद्द तेजस म्हणाला, "क्या बात है, धनाजीराव!" धनाजीची छाती फुगली. शालनने आपला बिनदारूचा ग्लास उचलला, न्याहाळला, आणि किंचाळली.

"अगं बाई! नागोबा!"

पंचमी पाच दिवसांवर आलेली. शालन नागोबाला भाऊ मानून उपास करणारी. त्या दिवशी घरात कांदासुद्धा चिरू द्यायची नाही. साताऱ्याहून आलेले आप्पा, म्हणजे धनाजीचे वडील, ताडकन उठले.

"आरं लेका, नागोबाला दारूत बुडवलास? पंचमी तोंडावर आली आन् ही थेरं?"

"आप्पा, जेली आहे ती!"

"मला शिकवतोस? फना दिसतोय की ह्यो!"

झालं! सगळ्यांनी पटापट ग्लास खाली ठेवले. कुणी हळदकुंकू आणलं, कुणी दूध-लाह्या. शालनने धनाजीकडे असं बघितलं की त्याचाच दगड झाला.

तेवढ्यात तेजस पुढे झाला. "आप्पा, ग्रीकांचापण एक धन्वंतरी आहे. त्याच्या काठीला साप असतो. दवाखान्याच्या पाटीवर बघितलाय ना?"

"व्हय, हाय की!"

"मग! साप काठीवर चढवायचे. खाली उरतं ते औषध."

त्याने एकेक साप अलगद उचलून ढवळायच्या काडीला गुंडाळला आणि काड्या तुळशीच्या कुंडीत रोवल्या. आप्पांनी हात जोडले. मग हळूच विचारलं, "गुडघ्यास्नी चालंल का रं?"

"न चालायला काय झालं!"

"आसवं-अरिष्टं मंजी तरी दुसरं काय असतंय!" असं स्वतःलाच बजावत आप्पांनी ग्लास रिकामा केला. मग काय, ट्रेवर झुंबड! शालनने आपला ग्लास तोंडाला लावला आणि डोळे मिटले.

"काय चव आहे हो तेजसभावजींच्या हाताला!"

"अगं, पण केलं मी ना!" धनाजी कळवळला. "व्होडका माझी, पन्हं माझं, पुदिना मी निवडला!"

"तुम्ही नुसते साप केलेत हो," शालन म्हणाली. "औषध भावजींनी केलं!"

"तेजस, बाळा," आप्पांनी ग्लास पुढे केला, "आनखी एक डोस दे."

आणि तो भरून आणायला उठलं कोण? धनाजीच की!