सायाळीच्या पोटातली डबी

बाळांनो, एका जंगलात राजवैद्यांच्या सहीशिवाय कुणाला बरंही होता येत नसे. त्या जंगलात मंजुळा नावाची सायाळ राहायची. सायाळीच्या अंगभर लांब काटे असतात. ते असतात म्हणून बिबट्या तिच्या वाटेला जात नाही.

मंजुळेच्या यकृतात कर्करोगाची गाठ झाली.

या रोगावर राजवैद्य गिधाडशास्त्री एकच काढा देत. गाठ असायची बोराएवढी, काढा भिनायचा नखशिखांत. उलट्या होत, काटे झडत. मंजुळेच्या नवऱ्याने, दगडूने, तोच काढा घेतला होता. तिसऱ्या आठवड्यात त्याचे काटे गेले. चौथ्या आठवड्यात बिबट्याने त्याला नेलं. शास्त्रीबुवांनी नोंद केली : 'उपचार यशस्वी. रोगी गाठीने मेला नाही.'

म्हणून मंजुळा सुगरण पक्षिणीकडे गेली. सुगरणीने जोंधळ्याच्या दाण्याएवढी डबी विणली होती. ती पोटात गाठीलगत बसवायची. औषध तिथल्या तिथे थेंबाथेंबाने झिरपतं, बाकीच्या अंगाला फारसं कळतही नाही.

"मात्र तीन महिन्यांत डबी रिकामी होते," सुगरण म्हणाली. "मग दुसरी बसवावी लागेल."

तीन महिन्यांत गाठ निम्मी झाली. मंजुळा पोटभर कंद खाऊ लागली. पहिली डबी चाचणी म्हणून खपून गेली होती, दुसरीला मात्र राजवैद्यांच्या वैद्यमंडळाची परवानगी लागायची. त्यासाठी ती मंडळापुढे उभी राहिली.

गिधाडशास्त्रींनी तिला न्याहाळलं. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एक पीस नव्हतं.

"काटे किती झडले?"

"एकही नाही, शास्त्रीबुवा."

"उलट्या?"

"नाहीत."

"म्हणजे औषध लागू पडलेलं नाही."

"पण गाठ निम्मी झालीय."

"गाठ आत असते, बाई. मंडळ बाहेरून बघतं. अर्ज नामंजूर."

मंजुळा बिळाकडे परतली. मग जावेला म्हणाली, "तुळसा, माझे काटे उपट."

"वेड लागलंय का? बिबट्या आला म्हणजे?"

"बिबट्या कदाचित येईल. गाठ नक्की वाढेल. उपट."

तुळसा रडत रडत उपटू लागली. काट्यागणिक रक्त यायचं. मंजुळेने दातांत मुळी घट्ट धरली होती. पाठ उघडी पडल्यावर ती कण्हत कण्हत पुन्हा मंडळापुढे गेली.

मंडळाला गहिवरून आलं.

"आता कसा औषधाचा गुण दिसतोय," असं म्हणून शास्त्रीबुवांनी सही केली.

मंजुळा वाचली. काटे परत यायला वर्ष लागलं. तेवढे दिवस ती बिळाबाहेर पडली नाही. तुळसा कंद आणून द्यायची.

डबीचा मात्र जंगलभर बोलबाला झाला. मंडळाने ती सर्वांना लागू केली, गिधाडशास्त्रींच्या नावाने. सोबत एक नियम जोडला : डबी बसवण्याआधी रोग्याचे काटे, केस किंवा पिसं मोफत उपटून मिळतील. त्या कामावर दोन माकडं कायमची नेमली आहेत.

तात्पर्य : आजारी पडलात तर बरं होण्याची घाई करू नका, बाळांनो. आधी नीट आजारी दिसायला शिका.